सकाळी आठचा अंधार

१

नेटी पोझ्निकोवने एकतीस वर्षं कूटनी नदीवरच्या धरणाचं पाणी सांभाळलं होतं. तेव्हा तळघरातल्या चार टबांचं पाणी सांभाळणं तिच्या लेखी पोरखेळ होता, आणि हे शेजारीपाजारी ऐकवायलाही ती कमी करत नसे. "नदी ऐकायची माझं," ती म्हणे, "चार रोपटी काय नाही ऐकणार?"

रोपटी गांजाची होती. घरटी चार लावायला कायद्याने मुभा होती, त्यामुळे लपवाछपवीचं काही कारण नव्हतं. नोव्हेंबर संपत आला होता, त्यांच्या ऊटिशेनिया गावात बर्फ खिडक्यांच्या कठड्यापर्यंत चढलं होतं. बागेत काही लावायचं तर मे उजाडला असता, आणि तिच्या नवऱ्याकडे, एल्मरकडे, मेपर्यंतचा वेळ होता की नाही हे डॉक्टर सांगायला तयार नव्हते. त्याचा कर्करोग कंबरेच्या हाडात शिरला होता. वेदनेच्या गोळ्यांनी त्याला नुसत्या उलट्या होत. दुकानातून आणलेल्या गांजाच्या तेलाने डोकं गरगरायचं, पण डोळा लागत नव्हता. सप्टेंबरपासून तो सलग तासभरही झोपला नव्हता. नेटीला त्याला बरं करायचं नव्हतं, तेवढी ती वेडी नव्हती. तिला त्याला झोपवायचं होतं.

एल्मरला मात्र सगळ्या प्रकाराची गंमत वाटत होती. चाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत काढलेला माणूस, त्याने पंप, नळ्या आणि चंदेरी कापडाचा तंबू तळघराच्या जिन्याने खाली जाताना पाहिला आणि पलंगावरून हाक मारली.

"अगं ए ऑपरेटरबाई! आपल्या डुखोबोर पंथात दारू, तंबाखू आणि मांस, तिन्ही वर्ज्य. माझा आजोबा तंबाखूचा वास आला तरी रस्ता बदलायचा. आणि त्याच्या नातसुनेनं तळघरात गांजाचा मळा घातला!"

"मळा कुठला? चार टब आहेत."

"आणि माती?"

"माती नाही. मुळं पाण्यातच लोंबतात. पाण्यात खत, वर दिवा. संपलं."

"मातीशिवाय वाढतं त्याला झाड म्हणत नाहीत गं. पाहुणा म्हणतात."

"कामाचा पाहुणा असला तर मला चालतो," नेटी म्हणाली आणि खाली गेली.

२

रोपं दिली होती डग मॅक्लीशने. डग पलीकडच्या घरात आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहायचा. कायदा बदलण्याआधीची तीस वर्षं त्याने हेच पीक चोरून, डोंगरातल्या झाडीत आणि नंतर तळघरात काढलं होतं, आणि आता कायदेशीर झाल्यापासून त्यात राम राहिला नाही असं त्याचं म्हणणं होतं. चार कॉफीच्या कपांत चार हिरवी छाटकलमं घेऊन तो आला आणि नेटीच्या तळघरात तासभर गुरुजींसारखा बोलला.

"झाडांची रात्र तू ठरवायचीस. थंडीत दिवा रात्रभर जाळ, म्हणजे तळघर उबदार राहील. सकाळी आठला दिवा बंद, तिथून त्यांची रात्र सुरू. आधी सहा तासांची. रोपं कमरेला लागली की बारा तासांची कर, मग फुलं धरतात. आणि त्यांच्या रात्रीत तंबूची चेन उघडायची नाही. बोटभरही नाही. उजेडाची एक तिरीप गेली तरी झाड बिथरतं."

"आणि पंप बंद पडला तर?"

"तर ही घाल." त्याने डोक्याला बांधायची एक बत्ती पुढे केली. तिचा उजेड हिरवा होता. "हिरवा उजेड झाडाला दिसत नाही. पण खरंच अडलं तरच."

नेटी वहीत सगळं टिपून घेत होती. धरणावर जशी नोंदवही असायची तशीच तिने आखली होती: तारीख, वेळ, पाण्याची पातळी, सही, आणि शेवटी पुढच्या पाळीच्या माणसाच्या सहीसाठी एक रकाना.

"अजून एक," डग म्हणाला. त्याचा आवाज जरा उतरला. "बारा तासांवर नेण्याआधी एक फांदी छाटून वेगळी लाव. तिला आई म्हणतात. तिला कधी फुलू द्यायचं नाही, सतत उजेडात ठेवायचं. फुललेलं झाड त्या हंगामात संपतं. आई संपत नाही."

"म्हणजे पाच झाडं झाली."

"मग?"

"घरटी चार. कायदा आहे."

"कायदा!" डगने हात झटकला. "तुझ्या तळघरात कोण मोजायला येतंय?"

"मी येते ना," नेटी म्हणाली. "रोज सकाळी."

डगने तिच्याकडे पाहिलं आणि टोपी घालून निघून गेला.

३

नेटीचा दिवस साडेसातला सुरू व्हायचा. एल्मरला ओटची लापशी भरवायची, मग त्याचे पाय मांडीवर घेऊन तेल चोळायचं. त्याचे पाय कायम थंड आणि सालीसारखे कोरडे असायचे. डाव्या पायाची करंगळी गिरणीतल्या करवतीने नेली होती, आणि ही गोष्ट तो गेली पस्तीस वर्षं प्रत्येक पाहुण्याला नवीन असल्यासारखी सांगत होता. पाय चोळून झाले की पाळणाघरात वापरतात तसला आवाजयंत्राचा डबा त्याच्या उशाशी सुरू करायचा, त्याचा जोडीदार डबा घेऊन खाली जायचं आणि पाण्याची नोंद घ्यायची. म्हणजे खालूनही एल्मरचा आवाज कानावर राहायचा.

रोपं लावल्याच्या पाचव्या दिवशी तिला उशीर झाला. ती अजून लापशीच भरवत होती, एल्मर गिरणीतल्या कुणा फोरमनच्या टकलाची गोष्ट सांगत होता.

"तर तो टकल्या म्हणतो, एल्मर, तू जर ते ओंडके..."

आठ वाजले आणि खाली दिव्याच्या टायमरचा खटका पडला. जुन्या घरात सगळं ऐकू येतं. आणि एल्मर झोपला. वाक्य अर्ध्यात, लापशी तोंडात. तिने घाईने त्याच्या तोंडातून लापशी काढली, नाकाशी हात धरला. श्वास चालू होता, संथ, खोल. तो दोन वाजेपर्यंत झोपला. दोन वाजता खाली पुन्हा खटका पडला तसा त्याने डोळा उघडला आणि म्हणाला, "ओंडके उलटे रचलेस तर तुझी पगारवाढ पक्की."

नेटी रडली. स्वयंपाकघरात जाऊन, नळ सोडून, पोटभर रडली. सहा तास! मग तोंड धुऊन तिने बीटाचं सूप गरम केलं, आणि तो दोन वाडगे प्यायला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. सकाळी आठ ते दुपारी दोन, घड्याळ लावून घ्यावं असं. औषध अजून झाडावरही आलं नव्हतं आणि गडी झोपायला लागला होता, हे नेटीच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण मनाची समजूत घालायला माणसाला फार काही लागत नाही. तिने घातली: गोळ्या बदलल्या आहेत, शिवाय घरात काहीतरी हालचाल आहे, आशा आहे. आशेनेही झोप येते.

पाण्याची गोष्ट मात्र समजुतीत बसत नव्हती. टबांच्या बाजूला तिने पांढरी पट्टी चिकटवून सेंटीमीटर आखले होते. झाड उजेडात पाणी ओढतं, अंधारात जवळजवळ नाही, हे डगने सांगितलं होतं आणि पुस्तकातही तसंच होतं. नेटीच्या वहीत उलटं होतं. रात्रभर दिव्याखाली पातळी हलत नव्हती. आठ ते दोनच्या अंधारात ती चार बोटं खाली जात होती.

"गळतंय," ती स्वतःशी म्हणाली आणि टबांखाली वर्तमानपत्रं अंथरली. दोन वाजता काढली तेव्हा ती कोरडी खडखडीत होती.

४

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पंप साफ करायचा दिवस आला. टबांच्या पाण्यात हवा सोडणारा तो छोटा पंप तंबूबाहेर, जमिनीवर असायचा आणि रात्रंदिवस चालायचा. त्यामुळे झाडांच्या अंधारातही तो साफ करायला हरकत नव्हती. नेटी सकाळी दहाला खाली आली. तंबू बंद होता. कपाटावर ठेवलेल्या डब्यातून एल्मरचं घोरणं येत होतं, आणि त्याच्यामागे पंपाच्या बुडबुड्यांची गुळगुळ.

तिने पंपाची कळ दाबली. खालची गुळगुळ थांबली.

डब्यातली थांबली नाही.

नेटी तशीच वाकलेली राहिली. डब्यातून एल्मरचा श्वास येत होता आणि श्वासात बुडबुडे होते. वरच्या खोलीत पाणी नव्हतं, उशाशी एक झाकलेला तांब्या होता तेवढाच. तिने चार श्वास मोजले. पाचव्याला एल्मरला ठसका लागला. मग तो घुसमटला, पाण्यात तोंड गेलेल्या माणसासारखा, आणि पलंगाचं लाकूड करकरलं. नेटीचा हात आपोआप कळेवर गेला. पंप सुरू झाला. डब्यातला श्वास सरळ झाला.

छातीत कफ असेल, ती म्हणाली. धरणावर एकतीस वर्षं काढलेली बाई एकाच वेळी घडलेल्या दोन गोष्टींना एकमेकींची बहीण समजत नाही. एकदा घडलं म्हणजे काहीच नाही, पुन्हा करून बघायचं असतं. ती पंधरा मिनिटं थांबली. मग तिने पुन्हा कळ दाबली, घड्याळाकडे बघत.

पाचव्या श्वासाला ठसका लागला.

तिने पंप सुरू केला. धरणावरचा नियम तिसऱ्यांदाही करून बघायचं असा होता. तिने तिसऱ्यांदा करून पाहिलं नाही. वर गेली तर एल्मर गाढ झोपला होता, ओठावर हसू होतं, आणि पांघरुणाच्या पायथ्याशी ओल होती. तिने त्याचे पाय चाचपले. उबदार होते. भिजलेले, मऊ, आणि त्यांना खताच्या पाण्याचा वास होता. घाम असेल, ती म्हणाली. तिने पाय पुसून कोरडे मोजे घातले. दोन वाजता मोजे पिळावे इतके ओले होते.

तीन दिवसांनी दाराशी दुसऱ्या पंपाचं पार्सल आलं. एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून तिने ते त्याच सकाळी मागवलं होतं. त्याला बॅटरी होती.

५

नाताळच्या आधी रोपं कमरेला लागली. आता टायमर बारा तासांवर न्यायचा होता. नेटी टायमरपुढे उभी राहिली तेव्हा तिला डगचं बोलणं आठवलं: आधी एक फांदी छाट, आई ठेव. कात्री शेजारीच होती. पण घरटी चार म्हणजे चार. शिवाय कात्री लावायला तिचा हात धजत नव्हता, आणि का धजत नाही यात तिला शिरायचं नव्हतं. तिने टायमर फिरवला. सकाळी आठ ते रात्री आठ.

बारा तास! एल्मर बारा तास झोपू लागला. उरलेल्या वेळात तो पलंगावर उठून बसे, पत्ते खेळे, नेटीला फसवून जिंके. गालावर मांस आलं. बटाटा आणि चीज भरलेले पिराही त्याने एका बैठकीत सहा खाल्ले. पंथाच्या प्रार्थनाघरातल्या बायका भेटायला आल्या, त्या तर थक्कच झाल्या.

"काय चारतेस गं याला?" त्यातल्या एकीने विचारलं.

"काही नाही. पाणी देते," नेटी म्हणाली, आणि बोलल्यावर तिचं तिलाच कसंसं झालं.

तो जानेवारी तिच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा महिना होता. तिने ओलीकडे कानाडोळा केला, श्वासातल्या बुडबुड्यांकडे केला. मोज्यांचे बारा जोड आणले. माणूस हसत होता, जेवत होता, त्याला दुखत नव्हतं. ते कशाने, हे विचारायला ती काय खुळी होती?

फेब्रुवारीच्या मध्यावर पानं पिवळी पडायला लागली. हे ठरल्याप्रमाणेच होतं. फुलं पिकली की पानांतला जीव फुलांत जातो, वहीत तसं लिहिलेलं होतं. त्याच आठवड्यात एल्मरच्या डोळ्यांच्या कडा पिवळ्या झाल्या. मग बुबुळांभोवतीचा सगळा पांढरा भाग. मग तळहात.

"यकृत," डॉक्टरीणबाई घरी येऊन म्हणाल्या. "आजार तिथे पोचला, मिसेस पोझ्निकोव. हे होणारच होतं. पण इतके दिवस बिनदुखण्याचे मिळाले, याचं मला तरी नवल वाटतं."

त्या जायला निघाल्या तेव्हा नेटीने विचारलं, "किती?"

"दोन आठवडे. कदाचित."

नेटीने वही उघडली. फुलं पिकून काढणीला यायला, तिच्याच अक्षरात, दोन आठवडे उरले होते.

६

ती तशीच, कोट न घालता, डगच्या दारात गेली. डगने दार उघडलं, तिचा चेहरा पाहिला आणि बाजूला झाला. दोघांच्या शेजाराला वीस वर्षं झाली होती, पण या घरात नेटी ओट्यापलीकडे कधी आली नव्हती.

"तू आई ठेवली नाहीस ना?" डग म्हणाला.

"काय आहे ते झाड, डग?"

"झाड आहे. माझ्या तळघरात होतं, त्याच्या फांद्या तुला दिल्या. तुझा एल्मर तळमळतोय हे मला बघवत नव्हतं. दुसरं मला काही ठाऊक नाही, आणि मी विचारत नाही."

मागच्या खोलीतून कुणीतरी घसा खाकरला. दार अर्धं उघडं होतं. आत खिडकीजवळच्या खुर्चीत डगची आई, म्हातारी मॉड बसली होती. एकशेतीन वर्षांची. गेल्या उन्हाळ्यात पेपरात तिचा फोटो आला होता. तिचे डोळे उघडे होते, आणि नेटी तिच्याकडे बघत राहिली तेवढ्या वेळात ते मिटले नाहीत. पायांत लोकरी सपाता होत्या, भिजून काळ्या झालेल्या, आणि त्यांच्याखाली एक उथळ परात ठेवलेली होती.

"कशा आहात, मिसेस मॅक्लीश?" नेटीच्या तोंडून सवयीने निघालं.

म्हातारीने मान वळवली नाही. बाहेर आभाळ भरलेलं होतं, खोलीत दिवा नव्हता, कोपरे काळपट पडले होते.

"पोरी," ती म्हणाली, "तेवढा दिवा घालव ना गं."

"दिवा नाहीये, आई," डग दमलेल्या आवाजात म्हणाला. मग नेटीकडे वळून, "असंच म्हणते. एकोणीस वर्षं झाली. म्हातारपण."

"झोपत नाहीत?"

"झोप कशाला हवी? आहे ना ती. सकाळी मी उठतो तेव्हा ती असते. मला तेवढं पुरतं." तो नेटीच्या नजरेला नजर देत नव्हता. "तुझंही अजून गेलेलं नाही. दिवा चोवीस तास सुरू कर. फुलं मरतील, पण झाड मागे फिरतं, पुन्हा हिरवं होतं. मी करून पाहिलंय. अंधार दिलास तर संपलं."

त्यांच्या पायांखालून, डगच्या तळघरातून, दिव्याची बारीक गुणगुण येत होती.

७

नेटीने टायमर काढून फेकला आणि दिव्याची वायर थेट भिंतीतल्या सॉकेटात खोचली. पानांचा पिवळा रंग तीन दिवसांत थांबला. चौथ्या दिवशी एका फांदीच्या टोकाला हिरवं पान फुटलं, आणि त्याच सकाळी एल्मरच्या डोळ्यांतला पिवळेपणा उतरलेला होता. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून डोकं खाजवलं. "मी तुमच्या बायकोसारखी बाई पाहिली नाही," त्या एल्मरला म्हणाल्या.

"मीही नाही," एल्मर म्हणाला.

तो हसला नाही. चार दिवसांत त्याचा डोळा एकदाही मिटला नव्हता. मिटत नव्हताच. पापण्या अर्ध्यावर यायच्या आणि थांबायच्या. वेदना परत आली होती, सप्टेंबरपेक्षा वाईट. रात्री नेटीने पडदे ओढले, दारांच्या फटींना टॉवेल लावले, त्याच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधली. पट्टीआड त्याचे डोळे उघडे आहेत हे तिला हाताला कळत होतं.

"फार उजेड आहे गं," तो म्हणाला.

"अंधार गुडूप आहे, एल्मर."

"नाही. खालून येतोय. पायांतून वर येतोय."

दिवा कधी लागतो, कधी विझतो, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तंबू लागल्यापासून तळघराचा जिना तो उतरलाच नव्हता.

अकराव्या दिवशी तिने त्याचे पाय मांडीवर घेतले तेव्हा तो ओरडला. चाळीस वर्षं करवतीशी खेळलेला माणूस, करंगळी गेली तेव्हाही ओरडला नव्हता. मग त्याने तिचा अंगठा मुठीत धरला, लहान मूल धरतं तसा.

"नेटी, मी किती दिवस असाच?"

तिला खोटं बोलता आलं असतं. तिला एकशेतीन वर्षांची मॉड दिसली, परातीत पाय सोडून बसलेली, आणि सकाळी उठून ती आहे एवढ्यावर खूश असलेला डग. नेटीने डगला शिव्या घातल्या नाहीत. त्याला कळलं होतं ते तिलाही कळत होतं: रोज सकाळी माणूस तिथे असणं ही लहान गोष्ट नाही. त्यासाठी ती काहीही देईल. पण ती जे देणार होती ते एल्मरचं होतं, स्वतःचं नाही.

"हवं तितके दिवस," ती खरं बोलली.

"दिवा घालव ना गं, ऑपरेटरबाई," एल्मर म्हणाला.

८

सकाळचे आठ वाजायला पाच मिनिटं होती. नेटीने त्याला लापशीचे दोन घास दिले, पाय पुसले, कोरडे मोजे घातले. "आता झोप लागेल," ती म्हणाली. तिचा आवाज कापला नाही. धरणाची दारं उघडताना कधी कापला नव्हता.

"टकल्याची गोष्ट अर्धी राहिली," एल्मर म्हणाला.

"मला पाठ आहे ती."

ती खाली गेली. आठ वाजता तिने दिव्याची वायर भिंतीतून उपसली. कपाटावरच्या डब्यातलं वेदनेचं कण्हणं मध्येच तुटलं आणि लांब, संथ श्वास सुरू झाला. गुळगुळ, गुळगुळ.

तिथेच वर जायला हवं होतं. पण साडेतीन महिने तिने पाणी भरलं होतं आणि ते कोण पितंय हे एकदाही पाहिलं नव्हतं. तिने डोक्याला हिरवी बत्ती बांधली आणि तंबूची चेन उघडली. चारही झाडं हिरव्या उजेडात काळी, गप्प उभी होती. पहिल्या टबाचं झाकण तिने झाडासकट, दोन्ही हातांनी, वीतभर उचललं.

मुळं पांढरी होती, दाट, एकमेकांत विणलेली. त्यांचा एकच जाड पेड खाली गेला होता, आणि तळाशी पसरून टबाच्या बुडाला टेकला होता. उभं राहताना टेकतो तसा. टाच होती. घोटा होता. पुढे बोटं होती, नेटीने मोजली, आयुष्यभर तिने मोजलंच होतं. चार. जिथे पाचवं हवं तिथे एक गुळगुळीत, जुना व्रण होता. ती बघत असतानाच त्यांतलं अंगठ्याचं बोट जरासं आखडलं, झोपेत आखडतं तसं.

तिने झाकण अलगद खाली ठेवलं. इतकं अलगद की पाणी हललं नाही. चेन लावली. दुसरं झाकण उचललं नाही.

ती वर येऊन त्याच्याजवळ बसली. दोन दिवस आणि दोन रात्री उठली नाही. डग दार वाजवून गेला, तिने उघडलं नाही. एल्मर झोपला होता. कपाळावरची आठी गेली होती, डोळे पूर्ण मिटले होते, तिचा अंगठा त्याच्या मुठीत होता. दुसऱ्या पहाटे कधीतरी बुडबुडे विरळ झाले. मग श्वासही विरळ झाले. तिने मोजायचं सोडून दिलं. शेवटी मूठ सैल झाली तेव्हा तिने ती दोन्ही हातांत धरून ठेवली, आणि टकल्याची गोष्ट त्याला शेवटपर्यंत सांगितली.

उजाडल्यावर तिने त्याचे मोजे काढले. पाय कोरडे होते. थंड आणि सालीसारखे कोरडे, नोव्हेंबरात होते तसे.

तिने पंथाच्या रीतीप्रमाणे टेबलावर भाकर, मीठ आणि पाण्याचा तांब्या मांडून ठेवला; आता बायका येतील, स्तोत्रं म्हणतील. त्यांना निरोप देण्याआधी ती सवयीने खाली उतरली. पंप चालू होता. चारही झाडं वाळून तंबूच्या कापडाला टेकली होती. या दोन दिवसांत तिने टबांत थेंबभर पाणी घातलं नव्हतं.

पातळी वरच्या रेघेवर होती. चारही टबांत. पहिल्या दिवशी भरली होती तिथेच, एका केसाचाही फरक नाही. साडेतीन महिन्यांचं पाणी नव्हे, पण जितकं टबांत मावतं तितकं परत आलेलं होतं, आणि झाकणांच्या कडा ओल्या होत्या.

नेटीने पंप बंद केला. वही उघडली, तारीख घातली. पातळी: पूर्ण. वेळ: सकाळी आठ. खाली सही केली. पुढच्या पाळीचा रकाना तिने रोजच्यासारखा मोकळा सोडला, आणि मग थोडा विचार करून त्यावर आडवी रेघ मारली.